हात लावण्याआधी

शिवांजलीनं चिठ्ठी उघडली, वाचली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"काय आलं?" परीक्षक उपाध्ये मॅडमनी विचारलं.

"मृत्यूनंतरची सेवा."

बारावीच्या आरोग्य सेवा विषयाचं प्रॅक्टिकल होतं. बाकीच्या मुलींना ताप बघणं, जखम बांधणं, अंथरूण बदलणं असलं आलं होतं. त्यांच्यासाठी पेशंट म्हणून वर्गातलीच कुणीतरी मुलगी खाटेवर निजायची. आता कुणी पुढं येईना.

"मी न्हाई बाई," पूजा म्हणाली. "आईला कळलं तर मला घरात घ्यायची न्हाई."

"डमी घेऊ का मॅडम?" शिवांजलीनं विचारलं.

"डमीचा जबडा हलत नाही. हनुवटी बांधलेली मला कशी कळणार?"

शिवांजली गेल्या वर्षी याच प्रॅक्टिकलात नापास झाली होती. या वेळी राहिली तर शिक्षण बंद, असं घरी ठरलं होतं. तिनं एकेका मुलीकडं बघितलं. सगळ्या खाली बघत होत्या.

दाराशी कॉलेजचे वॉचमन नाथाजी उभे होते. फौजेतून रिटायर झालेले. त्यांची बायको राहीबाई जाऊन पाच महिने झाले होते. ते आत आले आणि त्यांनी चपला काढल्या.

"मी निजतो."

"आवं तात्या, असलं अभद्र नगा करू," पूजा म्हणाली.

"आता कशाचं अभद्र, पोरी? दवाखान्यात काय काय करत्यात ते तरी कळंल मला." ते खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शिवांजलीनं हात धुतले. हातमोजे घातले. खाटेजवळ जाऊन वाकली.

"तात्या, उशी काढते हां. आता पाय सरळ करते."

मॅडमनी मान वर केली.

"तात्या, तोंड पुसते. पाणी जरा गार हाय." तिनं ओल्या फडक्यानं कपाळ, डोळे, गाल पुसले. मग त्यांच्या हातातलं घड्याळ काढलं आणि ती थांबली. वस्तू नातेवाइकांकडं द्यायच्या असतात.

"द्या इकडं. मी हाय की नात," पूजा पुढं होऊन म्हणाली. मुली हसल्या. शिवांजलीनं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि कापसाचा बोळा उचलला.

"तात्या, आता नाकात..."

"कापूस नको गं, जीव गुदमरंल," नाथाजी म्हणाले.

"तात्या, मेलेला माणूस बोलत न्हाई," पूजा म्हणाली. पुन्हा हशा झाला.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. हसणं थांबलं. "शिवांजली, तू कुणाशी बोलतेस?"

"पेशंटशी. हात लावण्याआधी सांगायचं असतं."

"जिवंत पेशंटला. हा माणूस गेलाय. त्याला ऐकू येतं का?"

"न्हाई मॅडम."

"मग? मी तीस वर्षं सांगलीच्या दवाखान्यात सिस्टर होते. अशी बडबड करत कुणी काम करत नाही. चूक धरावी लागेल. पुन्हा बोललीस तर पास करणार नाही."

शिवांजलीनं पट्टी घेतली. हनुवटीखालून वर नेली आणि डोक्यावर गाठ मारली. गाठ सुटली. परत मारली. मग पायाचे अंगठे एकमेकांना बांधले. खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. पट्टी फाडली त्याचा तेवढा झाला.

शेवटी चादर राहिली. तिनं ती पायापासून छातीपर्यंत आणली. गळ्यापर्यंत आणली. तिथं तिचा हात अडला. तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडम पेन उघडून बसल्या होत्या.

"तात्या," शिवांजली हळूच म्हणाली, "आता तोंडावरनं चादर घेते."

आणि तिनं चादर ओढली.

मॅडमनी कागद पुढं ओढला. "झालं. सोडा त्यांना."

शिवांजलीनं चादर काढली, पट्ट्या सोडल्या. ती रडत नव्हती, पण कुणाकडं बघतही नव्हती. नाथाजी उठून बसले. हनुवटीवर पट्टीचा वळ उठला होता. तो त्यांनी चोळला.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला."

"आमची मालकीण दवाखान्यातच गेली. मला पडद्याभाईर उभं केलं. आत लय वेळ चाललं हुतं. पाण्याचा आवाज येत हुता, भांड्याचा येत हुता. माणसाचा एक न्हाई. मग पडदा सारला आन् म्हणाले, न्या."

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं.

"तिला नसंल ऐकू येत," नाथाजी म्हणाले. "मला आलं असतं."

ते चपला शोधायला खाली वाकले. मॅडम हातातल्या पेनकडं बघत राहिल्या. बाहेरच्या व्हरांड्यात पुढच्या मुली नंबरची वाट बघत होत्या. मॅडमनी पेन बंद केलं.

"चपला राहू द्या. जरा परत निजता का?"

नाथाजी निजले.

"शिवांजली, पहिल्यापासून कर," मॅडम म्हणाल्या. "आणि जरा मोठ्यानं बोल."