व्याह्यांचा चहा

होणाऱ्या व्याह्यांची, कुबातसाहेबांची, जीप थेट तळ्यात घुसली. काठावरची ओली, लुसलुशीत हिरवळ चाकांखाली चिरडली. अंड्यांवर बसलेली रानहंसीण किंचाळत उडाली. कुबातसाहेबांनी बादलीभर साबणाचा फेस केला आणि तिथंच गाडी धुवायला घेतली. फेस पाण्यावर पसरत चालला.

बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला. बर्फाखालून उन्हाळ्यापुरतं डोकं वर काढणारं हे अल्लाघरचं पाणी! इथं एकदा उमटलेली चाकोरी पोरं म्हातारी होईतो बुजत नाही. तिच्या सासूने या काठावर कधी पातेलंसुद्धा विसळू दिलं नव्हतं. ती तरातरा निघाली. नवऱ्याने, ओरोझने, तिचा दंड धरला.

"गप गं! जिबेकच्या कानात डूल घालायला आलेत ते. पोरीची सोयरीक मोडायचीय तुला?"

पोरीसाठी म्हणून बुरुलने राग गिळला.

बुरुलच्या उन्हाळी तंबूत कुबात लोडाला टेकले. "विहीणबाई, तळं नुसतं पडून आहे हो तुमचं! पुढच्या उन्हाळ्यात मोटारबोटी सोडतो. काठची दलदल बुजवायची, धक्का बांधायचा. हंसांचं काय, ते मरतील दुसरीकडे!" आणि स्वतःच्याच विनोदावर गडगडून हसले. ओरोझही हसला. मुलीचा बाप, हसणार नाही तर काय करणार! बुरुलची नखं तळहातात रुतली.

जिबेक खालमानेनं चहा ओतत होती. तिने होणाऱ्या सासऱ्यापुढे वाटी धरली आणि तंबूतलं हसू जागच्या जागी थिजलं. वाटी काठोकाठ भरलेली होती.

त्या मुलखात पाहुण्याला अर्धीच वाटी चहा देतात. संपली की पुन्हा अर्धी, मग पुन्हा. तेवढाच पाहुणा जास्त वेळ बसावा, ही माया. काठोकाठ वाटीचा अर्थ एकच, प्या आणि उठा.

कुबात लालबुंद झाले. ओरोझ पांढराफटक पडला. बुरुलच लगबगीनं पुढे सरसावली. "माफ करा हो व्याही, पोर बावरलीय. हात थरथरला तिचा."

जिबेकने पहिल्यांदाच मान वर केली.

"थरथरला असता तर सांडला असता, आई. बघ, एक थेंब तरी सांडलाय?"