आत्याचा शब्द

मोसेसेने कोनफळांची टोपली उंबऱ्याशी ठेवली आणि बहिणीकडे न पाहता दाराजवळच मांडी घातली. मानासाठी कमरेला बांधलेली चटई त्याने दोनदा सारखी केली. मोठ्या बहिणीसमोर भावाने असेच बसायचे असते. पण आज त्याची मान जरा अधिकच खाली होती.

त्याची बहीण, कालोलाइने, चटई विणत होती. केवड्याच्या सुकवलेल्या पाती तिच्या बोटांखाली एकमेकींवर निमूटपणे चढत होत्या.

"एवढी मोठी कोनफळं!" ती म्हणाली. "कुणी मेलं की काय?"

"नाही, ताई. मेलेनाइतेचं विचारायचं होतं."

बोटे थांबली नाहीत. भावाच्या मुलीचे शिक्षण असो वा लग्न, त्यांच्या बेटावर शेवटचा शब्द आत्याचा. बापाने फक्त विचारायचे.

"ऑकलंडच्या कॉलेजात जागा मिळालीय तिला. विजेची इंजिनिअर होईल. घरच्यांचं हो की नाही, तेवढं शाळेतल्या बाईंना लिहून द्यायचं." तो थांबला. "चार वर्षं, ताई."

"बरं."

"एकटी राहील. थंडी फार तिकडं. आणि वर्गात सगळी मुलंच म्हणे."

"कोण म्हणे?"

"कावा प्यायला बसतो आम्ही, तिथं बोलत होते."

"तिथं काय, चौथ्या वाडग्याला चंद्रावरसुद्धा जाऊन येता तुम्ही."

उद्या, रविवारी, चर्च सुटल्यावर मेलेनाइते स्वतः आत्याकडे येऊन रडणार होती. तसे तिने आज सकाळीच बापाला बजावले होते. त्याआधी आपण गेले पाहिजे, असे वाटून तो जेवण तसेच टाकून निघाला होता. वाटेत दोन ओळखीचे भेटले. त्यांच्याशी तो बोलला नाही.

"एवढीशी होती तेव्हा बॅटरी धरून तुझ्या मागं मागं फिरायची," कालोलाइने म्हणाली. "मी ओरडायचे, अरे, पोरीचे हात ग्रीसनं काळे करू नकोस. तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

ते खरेच होते. बेटावरच्या जनरेटरची देखभाल मोसेसेकडे होती, आणि आई नसलेल्या लेकीला तो रोज तिथे नेत असे. नुसत्या आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखायला त्यानेच तिला शिकवले. सहाव्या वाढदिवसाला त्याने तिला पाना दिला, तेव्हा शेजारी हसले होते आणि त्याला शेजाऱ्यांचीच कीव आली होती. पोरींना उघडून बघू द्या, मोडले तर मोडू द्या, असे तो इतर बापांना सांगत असे. ते दिवस आठवले की आता त्याला आपलाच चेहरा परका वाटे.

"आणि त्या वादळानंतर? तीन दिवस अख्खं बेट अंधारात होतं. तुला बिघाड सापडेना. तिला किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"गाव काय म्हणालं मग?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "म्हणाले, मोसेसे, आता तू बॅटरी धर."

कालोलाइने खळखळून हसली. बहिणीसमोर भाऊ मोठ्याने हसत नाही. ती रीत त्याला आज सोयीची पडली.

"तुझं काय म्हणणं आहे?" तिने विचारले.

"माझं कसलं म्हणणं, ताई? तुम्ही नाही म्हणालात, तर मी तिला समजावीन. तुमच्या शब्दाबाहेर जायची नाही ती."

"आणि मी हो म्हणाले तर?"

समुद्राचा वारा दारातून आत आला आणि सुट्या पाती जमिनीवर सरसरल्या. तो त्या गोळा करू लागला.

"घर सुनं होईल," तो म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

त्याने पातींची जुडी तिच्याकडे सरकवली. तिने ती घेतली, पण विणायला घेतली नाही.

"मी शाळेत तीन वर्षं गेले. मग आपल्या आत्यानं पुरे म्हटलं, आणि बाबांनी मान डोलावली. केवढे हळहळले होते बाबा माझ्यासमोर! आत्यानं ते त्यांच्याच सांगण्यावरून म्हटलं होतं, हे मला आत्या मरताना कळलं."

मोसेसेने उंबऱ्याशी ठेवलेली टोपली उगाचच आत सरकवली.

"जाऊ दे तिला," कालोलाइने म्हणाली.

तो आल्यापासून पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "ताई, घाई नको. चार दिवस विचार करा."

"झाला करून. आत्या हो म्हणते, असं लिहून दे."

"देतो. सोमवारी देतो." तो उठू लागला.

"बस."

तो बसला. तिने हातातले काम बाजूला ठेवले आणि प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहिले. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

"शाळेच्या बाई येऊन गेल्या सकाळी. मला आधी न विचारता पोरीला पुढं केलं, म्हणून माझी माफी मागायला आल्या होत्या. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑकलंडला अजून काही कळवू नका, म्हटलं मी त्यांना. उद्या पोर इथं रडायला येणार, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ती आली की तू तिच्यासमोर बस, मोसे. मंगळवारी माझ्या नावानं 'नाही' कुणी लिहून दिलं, ते तिला तुझ्या तोंडानं सांग."