पेवाच्या तोंडाशी

वाटेकडेला जमिनीत खणलेल्या धान्याच्या पेवाच्या तोंडावरची शिळा जीवरामने शेजाऱ्यांच्या मदतीने बाजूला सारली. आतून आंबूस वाफ आली. त्याने धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला आणि वळून पाहतो तर भिकुबाई पेवाच्या तोंडावर आडवे पाय टाकून बसलेली.

"ऊठ वं अक्का. उतरू दे."

"उतर ना. माले ओलांडीसन उतर."

थोरल्या बहिणीला ओलांडणं जीवरामकडून व्हायचं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

उद्या त्यांच्या वडिलांचं, उखर्डू आबांचं, तेरावं. पेवात होती ती आबांनी पेरलेली शेवटची ज्वारी. पंगतीला तिचीच भाकर पडली पाहिजे, असा जीवरामचा हट्ट. घरात बायका जाती मांडून बसल्या होत्या. पण आत कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून गावाचा नियम होता. उघडलेलं पेव एक रात्र वारं खाईल, तोवर आत कोणी उतरायचं नाही, आणि कोणीतरी माणूस कडेला बसून राहील. पेव कोणाचंही असो, आजवर ते बसणं आबांचंच असे.

"सासरले बी अशीच रस्तामा बठस का?"

"बठस. तुना दाजीले इचार."

जमलेले हसले. जीवरामला हसू आलं नाही.

"पाहुना उनात बठ्ठा. आबाना दिवसले दुसरानी जवारी रांधू का?"

 भिकुबाईने पाय आवरून घेतले.

"दिवा सोडीसन पाह्य. जळत राह्यना तर मी उठस."

लढाईपायी घासलेट मिळत नव्हतं. जीवरामने तेलाची पणती बादलीत ठेवली आणि बादली दोराने खाली सोडली. सगळे वाकून पाहू लागले. ज्योत लहान लहान होत गेली आणि अर्ध्यावर, वाऱ्याची झुळूकही नसताना, विझली.

 जीवरामने बादली वर घेतली. कमरेची गाठ त्याला सुटेना.  भिकुबाईने ती सोडून दिली.

"आमनी कणगीमाईन लई जा," शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या. "आबा काय तुमनाच व्हतात का?"

बायका सुपं घेऊन त्यांच्यामागे गेल्या. पांगापांग झाली. बहीणभाऊ तेवढे पेवाच्या कडेला बसून राहिले. ऊन चढलं.

शेजारच्या गावचे रुपचंद नाना काठी टेकत बाजाराला निघाले होते. त्यांची नजर गेलेली, आणि आबांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. काठी शिळेला लागली तसे ते थांबले.

"आबा, आज कोनं पेव उघाडं शे रे?"

भिकुबाईने पदर तोंडाशी धरला. ती भावाकडे पाहत राहिली. जीवरामने घसा खाकरला, आवाज खाली आणला.

"आमनंच शे, नाना. डावा हातखाल जाय."

"जास. तू बठेल शेस, मंग काय भ्याव!"

काठीचा आवाज दूर दूर गेला. नाना वळणाआड होईपर्यंत जीवराम पाठ ताठ करून बसला होता.