गुडघ्याखालची कॉफी

जर्मनांच्या ताटाखालचं मांजर झालेल्या राजधानी तिरानातल्या सरकारचे शिपाई देदाच्या घरातून त्याच्या पाहुण्याला धरून घेऊन गेले. डोंगरातला रिवाज कडक. ज्याला पाहुणा राखता आला नाही, त्याला चारचौघांत गुडघ्याखालून कॉफी द्यायची; ती जन्माची नाचक्की. आज बैठक प्रेंकच्या घरी होती.

"पाहुणा राखता येईना, आणि मिशांना पीळ कसला देतोस रे देदा?" म्हातारा जेलोश खिदळला.

"माझ्या घरचं मीठ खाल्लं होतं त्यानं, काका. चहाडी कुणी केली ते एकदा कळू दे. बंदूक भरलेलीच आहे."

प्रेंकला मान वर करवेना. त्याने देदाचा कप उजव्या हाताने, अदबीने त्याच्यापुढे ठेवला.



मग स्वतःचा कप गुडघ्याखालून घेतला आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावला.