टाचांचं तेल

बोनकोडे गावच्या गोजराआजीने आपल्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरीण वैजयंतीबाईंच्या फुटलेल्या टाचा बघून आपुलकीने एवढंच सांगितलं होतं, "मिठागरान आमचे पाय फुटायचे, तवा आमी करंजाचं तेल लावायचो." वैजयंतीबाईंनी लगेच आजीचा फोटो काढला आणि उपायासकट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

तिथून ते तेल जे सुटलं, ते कुणाला आवरेना. कोपरखैरण्यात ते टाचांवरून गुडघ्यांवर चढलं, महाप्याच्या ऑफिसांत गुडघ्यांवरून केसांत गेलं आणि कळंबोलीला पोहोचेपर्यंत थेट पोटात उतरलं. रोज अनशापोटी दोन चमचे, एकवीस दिवसांत शुगर गायब!

कळंबोली म्हणजे आजीची सून स्नेहल हिचं माहेर. परवा सकाळी तिने सासूच्या शुगरच्या गोळ्या उचलून कपाटात कोंबल्या आणि तेलाची वाटी पुढे केली.

"अगो, हे टाचांना लावायचं तेल हाय! प्यालं तं मरन मी!" आजी ओरडली.

"आई, हा व्हिडिओ बघा. साठ लाख लोकांनी बघितलाय. या आजी एकशेदोन वर्षांच्या आहेत, रोज पितात. त्या काय खोटं बोलतात?"

आजीने चष्मा लावून मोबाइलात बघितलं. "अगो बाय, ही तं मीच हाय! वैजयंतीबाईंनी काढलेला माझाच फोटो हाय!"

स्नेहलने एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा सासूकडे.


"मग आता स्वतःचं तरी ऐका," म्हणत तिने वाटी आणखी पुढे सरकवली.