निजलेला मतदारसंघ

जनगणनेच्या आदल्या सकाळी आमदार भाऊसाहेब रणपिसे रिवाजाप्रमाणे काळदरीच्या तुरुंगात काचपेट्यांना हार घालत फिरत होते. पेट्यांत पंचेचाळीस हजार कैदी शिक्षा संपेपर्यंत गोठवून निजवलेले होते. खालच्या गावात जागी माणसं अवघी दोनशे बारा. दोन्ही मिळून एक मतदारसंघ, त्यामुळे भाऊसाहेबांना निवडून यायला सव्वाशे मतंही पुष्कळ होती.

एका पेटीपाशी दूरच्या वस्तीतून आलेली यमुनाबाई उभी होती. आत तिचा मुलगा हणमंत. त्याची शिक्षा सोमवारीच संपली होती, पण उठवण्याच्या कागदावर भाऊसाहेब सही करत नव्हते.

"साहेब, उठवा हो त्याला."

"गणती होऊ दे, आई. चार दिवसांनी काय बिघडतंय? निजलाय बिचारा सुखात."

"गेल्या गणतीत आमच्या वस्तीतली पोरं इथं मोजलीत, म्हणून तिकडचा आमचा मतदारसंघच मोडला. नळाला पाणी नाही. आम्ही सांगायचं कुणाला?"

"मला सांगा की! हणमंत माझाच माणूस."

"मग त्याचं मत?"

"कैद्याला कुठलं आलंय मत?" भाऊसाहेबांना हसू आवरेना.

यमुनाबाईने आवाज चढवला नाही. तिने पेटीवरचा हार काढून त्यांच्या हातात दिला.

"पुजारीसुद्धा निजलेल्या देवाला पहाटे उठवतो, साहेब. तुम्ही नुसता नैवेद्य खाता, आणि देव जागा होईल म्हणून भिता."

भाऊसाहेबांनी तोच हार पुढच्या पेटीवर टाकला आणि हात जोडले.