सवलतीची अट

“म्हणजे आपणच भरलेल्या करावर आपणच पुन्हा कर भरायचा?” वडिलांनी विचारलं.

“हो काका. करावर कर,” क्लिअरिंग एजंट म्हणाला. बंदरावर उतरलेल्या गाड्या कस्टम्समधून सोडवून देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याने गाडीची किंमत धरली. त्यात जहाजाचं भाडं मिळवलं, विमा मिळवला आणि त्या बेरजेवर आयात कर लावला. त्यावर पुन्हा विक्रीकर. मग तपासणी, नोंदणी, यार्डाचं भाडं. शेवटी खाली आकडा लिहून त्याने कागद बापलेकीकडे फिरवला.

वडिलांचे डोळे पांढरे झाले. गाडी जुनी, आकडा मात्र नव्या दोन गाड्यांचा होता. मुलीने मान खाली घातली. एवढे पैसे तिच्याजवळ नव्हते, आणि असते तरी तिने ते यात घातले नसते.

“आणि गाडी उभी राहील तसं यार्डाचं भाडं रोज चढतंय,” एजंट म्हणाला. “आज काय ते ठरवा.”

गाडी आणायची टूम तिचीच. खरं म्हणजे ती एक थाप होती. आई गेल्यापासून वडील फोनवर रोज विचारायचे, येशील तेव्हा किती दिवस राहशील? एकदा ते कालपासून जेवलेच नाहीत असं कळलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, कायमची येतेय बाबा, गाडीसुद्धा आणतेय. मग बोलल्यासारखं करणं आलं. गाडी जहाजावर चढली. तिने परदेशातली नोकरी मात्र सोडली नव्हती, लांबलचक रजा टाकली होती. तिकडचं घर तसंच होतं आणि त्या घरात तिची वाट बघणारा एक माणूस होता, ज्याच्याबद्दल वडिलांना अवाक्षर ठाऊक नव्हतं. हळूहळू सांगू, असं म्हणत तिने महिना काढला होता.

तेवढ्यात इकडे वडिलांनी कात टाकली. रोज दाढी करायला लागले. घराशेजारची अडगळ स्वतः उपसून त्यांनी गाडीपुरती जागा केली. गाडीसकट आलीय म्हणजे कायमचीच, हे दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला खरं सांगायचं तरी कसं?

“काहीतरी कमी करा हो,” वडील आता भाव करायच्या सुरात आले. “मिरवायला नाही आणलेली गाडी. मुलगी कायमची परत आलीय माझी.”

“मग हे आधी नाही का सांगायचं, काका? कायमचं परत येणाऱ्याला सवलत आहे.”

एजंटने पुन्हा कॅल्क्युलेटर बडवला आणि पहिल्या आकड्याच्या शेजारी दुसरा लिहिला. तो इतका लहान होता की वडिलांनी चष्मा पुसून खात्री केली. त्यांचा जीव भांड्यात पडला. “बघ, विचारलं म्हणून कळलं,” ते मुलीला म्हणाले.

“अट आहे पण,” एजंट म्हणाला. “गाडी तीन वर्षं विकायची नाही. ताईंच्या पासपोर्टवर गाडीची नोंद होईल. तोवर त्यांना देशाबाहेर राहायला जाता येणार नाही. गेल्या, तर सगळा कर दंडासकट. गाडी इथे, म्हणजे ताई इथे.”

“उत्तमच की. ती कुठे जातेय?”

खोलीच्या एकुलत्या एक खिडकीतून यार्ड दिसत होतं, आणि जाळीपलीकडे धुळीने माखलेली तिची गाडी. पहिला आकडा तिला झेपणारा नव्हता. दुसऱ्यात तीन वर्षं जाणार होती, आणि तो माणूस तीन वर्षं थांबेल याची तिला खात्री नव्हती. खरं बोलावं, तर शेजारी वडील हसत बसलेले. आपल्याच हाताने आपण दाराला कडी घालून घेतली, असं वाटून तिला रडू यायला लागलं.

“तिकडची नोकरी सोडल्याचं पत्र लागेल. आणलंय?”

“नंतर देते.”

“घर सोडल्याचंही लागेल.”

“तेही देते.”

“बरं, पासपोर्ट तरी द्या. झेरॉक्स काढून ठेवतो.”

तिने पर्स उघडली. हात आत गेला आणि आतच राहिला.

वडिलांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून बसून त्यांना एक सवय जडली होती. माणूस तोंडाने काय बोलतो तिकडे ते लक्ष देत नसत, त्याच्या पायाकडे बघत. आत्ताही त्यांची नजर टेबलाखाली गेली. मुलीचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा फरशीवर घट्ट रोवलेला होता.

ते काही वेळ त्या पायाकडेच बघत राहिले. एजंटने झेरॉक्ससाठी हात पुढे केला होता, तो तसाच होता.

“पासपोर्ट राहू दे तुझ्याजवळ,” वडील मुलीला म्हणाले. मग त्यांनी कागद उचलला, सवलतीचा आकडा डोळे भरून एकदा पाहिला, कागद कोऱ्या बाजूने उलटा केला आणि एजंटपुढे सरकवला.

“साहेब,” ते मघाच्याच भाव करायच्या सुरात म्हणाले, “आता ही गाडी परत पाठवायला किती खर्च येईल, तेवढा काढा.”